माजापासून पिल्लांचे दूध तुटेपर्यंत : मांजरीचे प्रजनन समजून कसे हाताळावे

मांजर पहिल्यांदा माजावर येते तेव्हा तिच्या पोटात काहीतरी दुखत असावे असे समजून अनेक पालक तिला घेऊन पशुवैद्याकडे धाव घेतात. ती जमिनीवर गडाबडा लोळते, घसा ताणून ओरडते, रात्रभर दाराखिडक्यांशी येरझारा घालते, तिचे खाण्यावरून लक्ष उडते, आणि कमरेजवळ हात ठेवताच ती छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग उंचावून, शेपटी एका बाजूला घेऊन मागचे पाय जागच्या जागी आपटू लागते. यात दुखणे काहीच नसते. कुत्रीप्रमाणे रक्तस्राव होईल आणि त्यावरून माज कळेल, अशी अपेक्षा ठेवणारा पालक मात्र इथे हमखास फसतो, कारण माजावरच्या मांजरीला डोळ्यांना दिसेल असा रक्तस्राव होत नाही. मांजरीच्या योनीतून रक्त दिसले तर ते माजाचे लक्षण न मानता तपासणी करून घ्यावी.

मांजरीच्या प्रजननाचे वेळापत्रक उजेड आणि समागम या दोन गोष्टींवर चालते, आणि पालकांच्या बहुतेक चुका या दोन्हींकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे: एक वही ठेवावी. माज कधी दिसला, किती दिवस टिकला, मांजर घराबाहेर कधी गेली, बोक्याची भेट कोणत्या दिवशी झाली आणि तिचे वजन दर आठवड्याला किती भरले, एवढ्या नोंदी असल्या तरी पुढे पशुवैद्याच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तयार असतात.

उजेड, वय आणि पहिला माज

भाटी, म्हणजे मादी मांजर, साधारणपणे ६ ते ९ महिन्यांच्या वयात पहिल्यांदा माजावर येते. मात्र चौथ्या महिन्यात माजावर आलेल्या मांजरी आहेत आणि वर्ष उलटून गेल्यावर आलेल्याही आहेत. वयाबरोबर वजन, जात आणि जन्माचा ऋतू यांचाही इथे हात असतो. सयामीसारख्या सडपातळ जाती लवकर, तर पर्शियनसारख्या लांब केसांच्या जाती उशिरा वयात येतात. दिवस मोठे होत असताना जी मांजर पुरेशी वाढलेली असते तिला माज लवकर येतो. जिची वाढ नेमकी दिवस लहान होण्याच्या काळात पूर्ण होते ती पुढच्या ऋतूपर्यंत थांबू शकते.

याचे कारण मेंदूत आहे. अंधारात मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरते आणि ते अंडाशयांना शांत ठेवते. दिवसाकाठी सुमारे १४ तास उजेड मिळू लागला की हा लगाम सैल होतो, अंडाशयांत बीजपुटके, म्हणजे बीजांडे वाढवणाऱ्या बारीक पिशव्या, वाढू लागतात आणि त्यांतून निघणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक वर वर्णन केलेले सारे वर्तन घडवून आणते. म्हणूनच विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत मांजरींचा माज हिवाळ्यात थंडावतो, तर विषुववृत्ताजवळ तो वर्षभर येत राहतो. घरातील दिव्यांचा उजेडही मांजरीच्या मेंदूला उजेडच वाटतो, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या घरातील मांजर हिवाळ्यातही माजावर आली तर आश्चर्य मानू नये.

एक माज सरासरी आठवडाभर टिकतो. दोनतीन दिवसांत सरणारा आणि दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा असे दोन्ही प्रकार दिसतात. समागम झाला नाही तर एक ते तीन आठवड्यांची शांतता मिळते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. मोठ्या दिवसांच्या ऋतूत हे असे कितीतरी वेळा घडते. माजाच्या दिवसांत मांजरीला रागावणे निरर्थक आहे आणि तिला कोंडून ठेवून ओरडणे थांबत नाही. दारे, खिडक्यांच्या जाळ्या आणि गॅलरीच्या फटी मात्र दोनदा तपासाव्यात, कारण एरवी उंबरठा न ओलांडणारी मांजर या काळात पहिल्या मजल्यावरून उडी टाकायलाही कमी करत नाही. माज थांबवण्यासाठी माणसांच्या संततिनियमनाच्या गोळ्या किंवा ऐकीव माहितीवरून आणलेली संप्रेरकांची औषधे कधीही देऊ नयेत. प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकासारखे काम करणाऱ्या या औषधांमुळे मांजरींत मधुमेह, स्तनांची अवाजवी वाढ आणि गर्भाशयात पू होण्याचे विकार उद्भवतात.

बीजांड सुटते ते समागमानंतर

स्त्रीच्या किंवा गाईच्या शरीरात बीजांड ठरावीक काळाने आपोआप सुटते. मांजरीत ते सहसा समागमाच्या प्रेरणेने सुटते, आणि तिच्या प्रजननाचे हेच सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. बोक्याच्या शिश्नावर मागच्या दिशेला वळलेले बारीक काटे असतात. समागमाच्या वेळी योनीला होणारी चेतना मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या तळाशी पोहोचते, तेथून पीयूषिका ग्रंथीला संदेश जातो आणि बीजांड सोडायला लावणाऱ्या ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट रक्तात येते. ती लाट पुरेशी उंच असेल तर साधारण १ ते २ दिवसांत बीजांडे सुटतात. पुरेशी असेल तर, असे म्हणण्याला कारण आहे: एकाच समागमाने सुमारे निम्म्या मांजरींतच बीजांडे सुटतात, तर थोड्या वेळाच्या अंतराने अनेक समागम झाले की शक्यता पुष्कळ वाढते. काही मांजरींत बोक्याचा स्पर्श नसतानाही बीजांडे सुटतात, त्यामुळे हा नियम अगदी पोलादी मानू नये.

प्रत्यक्ष समागम काही सेकंदांचाच असतो. बोका भाटीची मानगूट दातांनी धरतो, आणि तो अलग होताच भाटी किंकाळी फोडून बहुधा त्याच्यावर पंजा उगारते; मग जमिनीवर लोळून स्वतःला चाटत बसते आणि थोड्या वेळाने पुन्हा तयार होते. नवख्या पालकाला हे भांडण वाटते आणि तो मध्ये पडतो. मध्ये पडू नये. मात्र बोक्याला मागे सरायला मोकळी जागा आणि चढून बसायला एखादी उंच फळी असावी, नाहीतर त्याच्या नाकाडोळ्यांवर ओरखडे ठरलेलेच.

ज्या पालकांना पिल्ले नको आहेत त्यांनी या यंत्रणेतून एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मोकळ्या सुटलेल्या मांजरीला एका रात्रीत एकाहून अधिक बोके भेटतात, प्रत्येक समागमाने बीजांडे सुटण्याची शक्यता वाढते, आणि शुक्राणू बीजांडांची वाट पाहत तिच्या शरीरात तग धरू शकतात. त्यामुळे एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एकाच टोपलीत चार पिल्ले चार तोंडांची दिसली तर त्यात नवल नाही.

बीजांडे सुटली पण गर्भ राहिला नाही, तर बीजांड सुटलेल्या जागी अंडाशयात तयार होणारे पीतपिंड सुमारे ४० दिवस प्रोजेस्टेरॉन स्रवत राहतात आणि त्या काळात माज येत नाही. हा खोटा गर्भ. मांजरीत तो बहुधा गुपचूप येतो आणि निघून जातो. माज थांबला म्हणजे मांजर गाभण राहिली, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

वीण घ्यायचीच असेल तर

माझे स्पष्ट मत असे आहे की होणाऱ्या पिल्लांना घरे मिळतील याची आधीच खात्री नसेल, तर वीण घेण्याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांनी विचारपूर्वक ठरवले आहे त्यांनी निदान भाटी वर्षाची होईपर्यंत थांबावे. पहिल्याच माजाला गाभण राहिलेली मांजर स्वतःच वाढीच्या वयात असते आणि तिच्या हाडामांसाला जे हवे ते गर्भाकडे जाते. जोड लावण्यापूर्वी भाटी आणि बोका या दोघांचीही ल्युकेमिया विषाणू आणि प्रतिकारशक्ती घटवणारा एफआयव्ही विषाणू यांसाठी रक्ततपासणी करावी, लसीकरण व जंतनाशक पूर्ण करावे. गाभण काळात जिवंत विषाणूंची लस टाळली जाते, कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू गर्भातील पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटवतो आणि अशी पिल्ले जन्मभर डगमगत चालतात.

जातिवंत मांजरींच्या बाबतीत वंशाची चौकशी विशेष कसून करावी. पर्शियन वंशात मूत्रपिंडात गाठी होण्याचा विकार आईबापांपैकी एकाकडूनही उतरतो. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकाराची ज्ञात जनुकीय कारणे आहेत. या दोन्हींसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान ज्या जनुकामुळे येतात त्याच जनुकामुळे सांध्यांची हाडे व कूर्चा बिघडतात, म्हणून तिथे कोणतीही जोड निर्धोक नाही. रक्तगटाचा प्रश्न तर अनेकांच्या गावीही नसतो. मांजरींत प्रामुख्याने ए आणि बी हे रक्तगट असतात. बी गटाच्या आईच्या रक्तात ए गटाविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकांवर हल्ला करणारी प्रथिने, जन्मतःच असतात आणि ती चिकातून पिल्लांत जातात. बाप ए गटाचा असेल तर जन्मतः ठणठणीत दिसणारी ए गटाची पिल्ले पहिला चीक पिऊन एकदोन दिवसांत मलूल होतात, त्यांची लघवी लालसर होते आणि ती दगावतात. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्स यांसारख्या जातींत बी गट बऱ्यापैकी आढळतो, म्हणून अशा जातींची जोड लावण्यापूर्वी रक्तगट तपासणे अत्यावश्यक मानावे.

भाटीला बोक्याच्या घरी न्यावे, उलट करू नये. अनोळखी जागेत बोका आधी जागेची हद्द आखण्यात वेळ घालवतो, तर माजावरच्या भाटीला जागेची फारशी पर्वा नसते. माजाच्या दुसऱ्यातिसऱ्या दिवसापासून दोनतीन दिवस त्यांना देखरेखीखाली एकत्र येऊ द्यावे आणि पहिल्या व शेवटच्या समागमाची तारीख वहीत लिहावी.

गाभण मांजर

गर्भकाळ सरासरी ६३ ते ६५ दिवसांचा असतो. फलन अंडवाहिनीत होते, काही दिवसांनी गर्भ गर्भाशयात उतरतात आणि दोन आठवड्यांच्या सुमारास तिथे रुजतात. मांजरीचे गर्भाशय गलोलीच्या बेचक्यासारखे असते; त्याच्या दोन लांब शिंगांमध्ये गर्भ ओळीने, माळेतील मण्यांसारखे वाटले जातात, आणि म्हणूनच एका वेतात सरासरी चार पिल्ले आरामात सामावतात.

पालकाला दिसणारी पहिली खूण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते: सड गुलाबी आणि किंचित फुगीर होतात. पहिलटकरणीत हा फरक चटकन दिसतो, पूर्वी व्यायलेल्या मांजरीत तितका नाही. सोनोग्राफीत तिसऱ्या आठवड्यात गर्भ आणि पुढे त्यांच्या हृदयाचे ठोके दिसतात. तिसऱ्या ते चौथ्या आठवड्यात अनुभवी पशुवैद्याच्या बोटांना पोटातील गाठी लागतात. हा प्रयोग घरी करू नये, पोट दाबल्याने गर्भाला इजा होते. पिल्लांची नेमकी संख्या जाणून घेण्यासाठी शेवटच्या दोन आठवड्यांत एक्स-रे काढावा, कारण त्या वेळी सांगाड्यांत पुरेसे कॅल्शियम भरलेले असते आणि कवट्या मोजता येतात. ही संख्या हाताशी असणे प्रसूतीच्या रात्री फार मोलाचे ठरते. अजून किती पिल्ले यायची आहेत हे ठाऊक नसेल, तर मांजर दमून थांबली आहे की मोकळी झाली आहे हे ओळखणे अवघड जाते.

खाण्याबाबत दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे शेवटच्या आठवड्यांपर्यंत आहार न वाढवणे. कुत्रीचे वजन मुख्यतः गर्भकाळाच्या उत्तरार्धात वाढते, मांजरीचे मात्र सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाते आणि त्यातली काही साठवण पुढे दूध देताना खर्च होते. म्हणून तिचा आहार पहिल्या पंधरवड्यापासूनच क्रमाने वाढवावा. मांजराच्या पिल्लांसाठी तयार होणारे पूर्ण अन्न या काळात आईलाही योग्य असते. त्यात प्राणिज प्रथिने आणि टॉरीन हे मांजरींना आहारातून मिळावेच लागणारे पोषक द्रव्य भरपूर असते. टॉरीन कमी पडले तर गर्भपात आणि खुरटी पिल्ले हे परिणाम दिसतात. दुसरी चूक प्रेमापोटी होते: कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पावडर देणे. बाहेरून सतत कॅल्शियम मिळत राहिले की स्वतःच्या हाडांतून ते मोकळे करण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध उतरल्यावर रक्तातील पातळी एकाएकी कोसळून झटके येऊ शकतात. संतुलित आहार मिळणाऱ्या मांजरीला पूरक कॅल्शियम पशुवैद्याने सांगितल्याशिवाय देऊ नये. तेच औषधांचे. नायट्यासाठी वापरले जाणारे ग्रिसिओफल्विन गर्भात व्यंग निर्माण करते. गाभण मांजरीला कोणतेही औषध देताना ती गाभण आहे हे आवर्जून सांगावे.

प्रसूतीची जागा आणि ती रात्र

अपेक्षित तारखेच्या दोन आठवडे आधी घराच्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात एक खोके ठेवावे. ती आत आडवी पसरू शकेल एवढे मोठे, आणि पिल्ले रांगत बाहेर पडणार नाहीत एवढ्या उंच काठाचे. आत जुने, धुतलेले, धागे न सुटणारे कापड घालावे. एवढे करूनही ती कपाटातला कपड्यांचा ढीग पसंत करील ही शक्यता गृहीत धरावी. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे म्हणतात. तिला जागा असुरक्षित वाटली की ती पिल्ले हलवणार, म्हणून खोक्याभोवती पाहुण्यांची गर्दी होऊ देऊ नये.

व्यायच्या आधीच्या दिवसात शरीराचे तापमान बहुधा ३७.८ अंश सेल्सियसच्या खाली उतरते, पण मांजरीत ही खूण नेहमी मिळतेच असे नाही आणि वारंवार थर्मामीटर लावून तिला हैराण करण्यात अर्थ नाही. अस्वस्थपणा, कापड उकरणे, खाणे सोडणे, घुरघुरणे आणि मधूनच तोंड उघडून श्वास घेणे ही पहिल्या टप्प्याची लक्षणे आहेत. हा टप्पा काही तासांत आटोपतो, पहिलटकरणीत मात्र दिवसभरही लांबतो. काही मांजरींना या वेळी माणूस जवळ हवा असतो, काहींना मुळीच नको असतो. तिचा कल पाहून वागावे.

मग कळा सुरू होतात. पहिले पिल्लू बाहेर येण्यास साधारण अर्धा तास लागतो आणि पुढची दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने येत जातात. पिल्लू डोक्याकडून येते तसे मागच्या पायांकडूनही येते. कुत्र्यामांजरांत ही गोष्ट नेहमीची आहे, तिला घाबरू नये. आई पिशवी फाडते, पिल्लाला खरखरीत जिभेने चाटून श्वास सुरू करते, नाळ कुरतडते आणि वार खाते. हे सर्व तिला करू द्यावे. मात्र प्रत्येक पिल्लामागे एक वार पडली की नाही हे मोजावे, आणि चारपाचांहून अधिक वार खाल्ल्यास तिला जुलाब होऊ शकतात एवढे ध्यानात ठेवावे.

आई दमलेली किंवा गोंधळलेली असेल आणि मिनिटभरात पिशवी फुटली नाही, तर पालकाने स्वच्छ बोटांनी ती नाकापासून फाडावी, नाकतोंड पुसावे आणि कोरड्या टॉवेलने पिल्लाला जोमाने चोळावे. पिल्लाला पायांनी धरून झुलवण्याची जुनी रीत धोकादायक आहे. त्याने मेंदूला इजा होते. नाळ बांधावी लागलीच तर पोटापासून दोनतीन सेंटिमीटरवर स्वच्छ दोऱ्याने बांधून गाठीच्या पुढे कापावी, ओढू मात्र नये.

पशुवैद्याला फोन कधी करावा, हे प्रसूतीच्या वेळी ठरवण्यापेक्षा आधीच ठरवून ठेवावे, आणि रात्री कोण उपलब्ध असतो तो क्रमांक खोक्याजवळच लिहून ठेवावा. जोराच्या कळा सलग २० ते ३० मिनिटे येऊनही पिल्लू बाहेर न येणे, पिल्लाचा काही भाग दिसत असून ते अडकून राहणे, ताजे लाल रक्त सतत वाहणे, दुर्गंधीयुक्त स्राव, आईचे अतिशय गळून जाणे किंवा थरथरणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. याउलट, मांजर कधीकधी काही पिल्ले झाल्यावर मध्येच थांबते, निवांत दूध पाजते, स्वतः खाते आणि बऱ्याच तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, उरलेली पिल्ले घालते. ती शांत असेल, कळा देत नसेल आणि स्राव नेहमीसारखा असेल तर हा विराम स्वाभाविक असू शकतो; तरीही पिल्ले उरली आहेत हे एक्स-रेवरून ठाऊक असेल तर पशुवैद्याला कळवून ठेवणे शहाणपणाचे.

पिल्लांचे पहिले आठवडे

नवजात पिल्लू सुमारे १०० ग्रॅम वजनाचे, मिटल्या डोळ्यांचे आणि बंद कानांचे असते. मांजराच्या पिल्लाला रोगांविरुद्धचे बहुतेक संरक्षण पहिल्या चिकातून मिळते, आणि ती प्रतिपिंडे आतड्यातून शोषण्याची क्षमता साधारण १६ ते १८ तासांत संपते. म्हणून प्रत्येक पिल्लू पहिल्या दोन तासांत सडाला लागले की नाही हे पाहावे. त्यानंतर स्वयंपाकघरातील अंकदर्शी काटा वापरून रोज ठरावीक वेळी वजन करावे. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ ठीक. एक दिवस वजन स्थिर राहिले तर सावध व्हावे आणि घटले तर त्याच दिवशी दाखवावे. आजारी पिल्लू ओरडून सांगेलच असे नाही, काटा मात्र लगेच सांगतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडता येत नाही, त्यामुळे ते स्वतःला उबदार ठेवू शकत नाही; खोक्यातील तापमान सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सियस असावे, पण एक बाजू थोडी गार ठेवावी, म्हणजे जास्त ऊब झाली तर आई आणि पिल्ले सरकू शकतील. आई नसलेले थंड पडलेले पिल्लू सापडले तर आधी दूध पाजण्याचा मोह टाळावा. गारठलेल्या पिल्लाचे आतडे चालत नाही, आणि पाजलेले दूध पोटात सडते किंवा फुप्फुसात जाते. त्याला तासाभरात हळूहळू ऊब द्यावी आणि मगच पाजावे. दूध मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेले असावे, कारण गाईच्या दुधात त्यांना पुरेशी प्रथिने आणि चरबी नसते. पाजताना पिल्लू पालथे, पोटावर ठेवावे, उताणे नव्हे. पहिल्या आठवड्यात दर दोनतीन तासांनी पाजावे आणि प्रत्येक वेळी ओल्या, कोमट कापसाने शेपटीखाली हळुवार पुसावे. आईच्या जिभेऐवजी ही चेतना मिळाल्याशिवाय अशा पिल्लांना लघवी वा शी होत नाही.

दूध देणाऱ्या आईला नेहमीच्या दुपटीतिपटीने अन्न लागते, म्हणून तिच्यापुढे अन्नपाणी सतत असू द्यावे. एखादा सड गरम, कडक आणि दुखरा झाला तर ती स्तनदाहाची सुरुवात असते. आई थरथरू लागली, अडखळत चालू लागली तर तो कॅल्शियम घटल्याचा तातडीचा प्रसंग समजावा.

पिल्लांचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. ते ओढून उघडू नयेत. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात फुटू लागतात, चौथ्यात ओले अन्न दाखवता येते आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत दूध तुटते. आईच्या दुधातून गोलजंत पिल्लांत येतात, म्हणून दोनतीन आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक सुरू करावे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांच्या हातांची सवय झाली तर ती आयुष्यभर टिकते. पण दूध तुटले म्हणजे पिल्लू द्यायला तयार झाले असे नव्हे. शक्य असेल तर त्याला १२ आठवडे आई आणि भावंडांत राहू द्यावे.

नर की मादी हे ओळखण्यासाठी शेपटी हलकेच उचलावी. मादीत गुदद्वार आणि त्याखालची उभी चीर अगदी जवळजवळ असतात. नरात दोन गोल छिद्रांमध्ये बरेच अंतर असते आणि त्या अंतरात पुढे वृषणे दिसू लागतात. रंगही काही सांगतो. केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतील संशोधकांनी ते एआरएचजीएपी३६ या जनुकाशी जोडून दाखवले. मादीला दोन एक्स मिळतात आणि प्रत्येक पेशीत त्यांतला एक निष्क्रिय होतो, ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. त्यामुळे एका एक्सवर केशरी आणि दुसऱ्यावर काळा असेल तर अंगावर दोन्हींचे पट्टे आणि ठिपके उमटतात. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते ती यामुळे, आणि क्वचित आढळणारा तिरंगी बोका बहुधा एक्स-एक्स-वाय गुणसूत्रांचा व वंध्य असतो. डिसेंबर २००१ मध्ये जन्मलेली पहिली क्लोन मांजर सीसी ही एका तिरंगी मांजरीची जनुकीय प्रत होती, तरी तिच्या अंगावर केशरी रंग नव्हता. नर पिल्लाला त्याचा एकमेव एक्स आईकडून मिळतो. तेव्हा आपल्या मांजरीला केशरी बोका पिल्लू झाले म्हणून शेजारच्या केशरी बोक्यावर आळ घेणे अन्यायाचे आहे. तो रंग आईकडूनच आलेला असतो.

पुढची वीण थांबवणे

दूध तुटल्यावर दोनतीन आठवड्यांत मांजर पुन्हा माजावर येते; पिल्ले अंगावर पीत असतानाही ती गाभण राहू शकते. दूध चालू आहे म्हणून निर्धास्त राहणारे पालक वर्षात दोनदा, तीनदा खोके मांडतात. वीण नको असेल तर पहिला माज येण्यापूर्वीच, म्हणजे पाचव्या महिन्यापर्यंत, निर्बीजीकरण करून घ्यावे. एकदा तरी व्यायली पाहिजे, त्याशिवाय तिची वाढ पूर्ण होत नाही, या समजुतीला काहीही आधार नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया झालेल्या भाटीला स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात घटते, आणि मांजरीतील स्तनांच्या बहुसंख्य गाठी घातक असतात हे लक्षात घेता हा लाभ लहान नाही. अंडाशये आणि गर्भाशय काढल्यावर तिथे पू होण्याचाही प्रश्न उरत नाही. व्यायलेल्या मांजरीची शस्त्रक्रिया पिल्लांचे दूध तुटून सड आटल्यावर करावी, आणि तोवर तिला घरातच ठेवावे.

बोक्याचे खच्चीकरण अधिक सोपे आणि झटपट होते. त्यापूर्वी दोन्ही वृषणे पिशवीत उतरली आहेत ना हे पाहावे. सहा महिन्यांनंतरही एखादे आत राहिले असेल तर ते शोधून काढावे लागते, कारण आत राहिलेले वृषणही संप्रेरक बनवत राहते, आणि असा बोका मूत्राचे फवारे मारत हिंडतो. खच्चीकरण झालेल्या बोक्याच्या शिश्नावरचे काटे काही आठवड्यांत झिजून जातात. पण नलिकांत उरलेले शुक्राणू त्याआधी आपले काम करू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे त्याला माजावरच्या भाटीपासून वेगळे ठेवावे. एकाच वेतातले भाऊ आणि बहिणीही चौथ्या महिन्यापासून अलग ठेवाव्यात, कारण मांजरांना नाते कळत नाही.